सीईओ व्हायचंय? मग संचालक मंडळाच्या खुर्चीत बसून स्वतःकडे बघा

कंपनीचा पुढचा मुख्य कार्यकारी अधिकारी कोण, हे ज्या बैठकीत ठरतं तिथे उमेदवार स्वतः नसतो. आठ-दहा संचालक, टेबलावर दोन-तीन नावं, आणि प्रत्येकाच्या मनात एकच धाकधूक: हा माणूस चुकीचा निघाला तर भागधारकांना तोंड आपल्याला द्यावं लागणार. आतापर्यंतच्या सगळ्या बढत्या तुम्हाला तुमच्या साहेबाने दिल्या. ही बढती मंडळ देतं. साहेबाला तुमची रोजची मेहनत दिसत होती, मंडळाला ती दिसत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो तुमच्या कामाचा पुरावा आणि चार लोकांचं तुमच्याबद्दलचं मत.

म्हणून या लेखात चिकाटी आणि सकारात्मक विचारांवरचं प्रवचन नाही. मंडळाच्या मनातली शंका कोणती आणि ती दूर करणारा पुरावा वीस-पंचवीस वर्षांत कसा जमवायचा, एवढंच आहे.

स्वतःची कंपनी काढली तर पहिल्याच दिवशी कार्डावर सीईओ छापता येतं, हे खरं. पण बाहेरचा पैसा आला की तिथेही मंडळ येतं. गूगलच्या संस्थापकांनी २००१ मध्ये एरिक श्मिट या बाहेरच्या अनुभवी माणसाच्या हाती सूत्रं दिली, आणि लॅरी पेज पुन्हा त्या पदावर आले ते थेट २०११ मध्ये. तेव्हा पुढचं बरंचसं संस्थापकांनाही लागू आहे.

पहिली पायरी: हे काम आपल्याला हवंय का, ते आधी तपासा

हार्वर्डचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ मोठ्या कंपन्यांच्या सीईओंच्या वेळेची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठवड्याचे कामाचे सरासरी तास निघाले ६२.५, आणि त्यातले ७२ टक्के बैठकांमध्ये गेलेले. ज्या कामात तुम्ही वाघ होता, मग ते डिझाइन असो, विक्री असो की कोडिंग, ते काम या खुर्चीत बसल्यावर हातातून जातं. उरतं ते असं: पैसा कुठे लावायचा, कोणाला नेमायचं आणि कोणाला काढायचं, कशाला नाही म्हणायचं, आणि हे सगळं बँका, गुंतवणूकदार, कर्मचारी, सरकारी अधिकारी यांना न थकता पुन्हापुन्हा सांगायचं.

सहा महिने वरिष्ठांच्या बैठकांत बसून बघा. दोन विभागप्रमुख भांडतायत, दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि निर्णय आजच हवाय, अशा वेळी तुम्हाला हुरूप येतो की डोकं दुखतं? डोकं दुखत असेल तर आपल्या विषयातलं सर्वोच्च तज्ज्ञपद हे जास्त सुखाचं आणि तितकंच मानाचं काम आहे. ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि पन्नाशीत पस्तावतात.

दुसरी पायरी: नफ्या-तोट्याची जबाबदारी पदरात पाडून घ्या

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मंडळाची पहिली शंका असते, "या माणसाने कधी पूर्ण धंदा चालवलाय का?" पूर्ण धंदा म्हणजे विक्री, खर्च, माणसं, उधारी, साठा या सगळ्यांचा हिशेब एका माणसाच्या नावावर आणि महिन्याअखेरचा आकडा लाल आला तर बोट दाखवायला दुसरं कोणी नाही. मनुष्यबळ, कायदा, जनसंपर्क, धोरण आखणं या विभागांत हुशार माणसं असतात, पण त्यांच्यावर "उंटावरून शेळ्या हाकल्या" हा आरोप सहज चिकटतो. तो अन्यायाचा असेलही. तरी मंडळाच्या बैठकीत तो निघतोच.

ही जबाबदारी मोठीच हवी असं नाही. एखादी शाखा, एखादा छोटा उत्पादनगट, कोणालाच नको असलेला बाजार, काहीही चालेल. किंबहुना कोणालाच नको असलेली जागा माझ्या मते जास्त चांगली. चालत्या विभागात तुम्ही काय केलंत हे सिद्ध करता येत नाही, त्यात आधीच्या माणसाची पुण्याई असते. मोडकळीला आलेला विभाग दोन वर्षांत उभा राहिला तर श्रेय कोणाला द्यायचं यावर वाद होत नाही. आणि नाही उभा राहिला तर? जागा स्वीकारतानाच वरिष्ठांकडून लेखी घ्या की इथे यश म्हणजे नेमकं काय: तोटा निम्मा करणं, की विभाग विकण्याजोगा करणं, की व्यवस्थित बंद करणं. सुरुवात कुठून झाली याचा कागद नसेल तर कुठवर आलात हे कोणी मोजत नाही.

वॉलमार्टचे डग मॅकमिलन यांचा प्रवास बघा. १९८४ मध्ये शाळकरी वयात त्यांनी कंपनीच्या गोदामात ट्रकमधला माल उतरवण्याचं उन्हाळी काम केलं. माध्यमांना ही गोष्ट फार आवडते. मंडळाच्या दृष्टीने वजनदार होती ती पुढची दोन पानं: २००५ पासून सॅम्स क्लब हा अख्खा विभाग, आणि २००९ पासून आंतरराष्ट्रीय व्यवसाय. दोन वेगवेगळे धंदे चालवून झाल्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च पद आलं.

अपवाद आहेत, आणि ते नीट वाचावेत. इंद्रा नूयी १९९४ मध्ये पेप्सिकोत धोरण विभागात आल्या, पुढे वित्तप्रमुख झाल्या आणि २००६ मध्ये सीईओ. त्यांनी शीतपेयांचा किंवा वेफर्सचा विभाग चालवून हे पद मिळवलं नाही. पण रेस्टॉरंटचा व्यवसाय वेगळा काढणं, ट्रॉपिकानाची खरेदी, क्वेकर ओट्सचं विलीनीकरण या कंपनीचं रूप पालटणाऱ्या व्यवहारांत त्या केंद्रस्थानी होत्या. म्हणजे पुरावा होता, फक्त वेगळ्या प्रकारचा. तुम्ही साहाय्यक विभागात असाल तर एक तर पस्तिशी-चाळिशीच्या आत धंद्याच्या बाजूला बदली मागा, नाहीतर त्या तोडीचे व्यवहार तुमच्या हातून व्हायला हवेत.

तिसरी पायरी: पैशाची भाषा

एमबीए हवंच का, हा हमखास येणारा प्रश्न. सुरुवातीला दार उघडायला आणि ओळखी व्हायला पदवी उपयोगी पडते. वीस वर्षांनंतर ती परिचयपत्राच्या शेवटच्या ओळीत जाते. त्यातलं जे खरोखर लागतं, म्हणजे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह वाचता येणं, ते पदवीशिवायही शिकता येतं. ॲन मुल्काही यांनी १९७६ मध्ये झेरॉक्समध्ये विक्री प्रतिनिधी म्हणून सुरुवात केली होती. २००१ मध्ये त्या सीईओ झाल्या तेव्हा कंपनीवर सुमारे १७ अब्ज डॉलरचं कर्ज होतं आणि त्यांची वित्त विषयाची पार्श्वभूमी नव्हती. त्यांनी कंपनीच्या वित्त विभागातल्या सहकाऱ्यालाच शिक्षक केलं आणि ताळेबंद अक्षरशः पहिल्यापासून शिकून घेतला.

नफा दिसतोय आणि पैसा नाही, हे कोडं ज्याला सुटलं त्याला निम्मं वित्त कळलं. समजा तुमची महिन्याची विक्री १०० आहे आणि खर्च ८०. नफा २०. ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देतात, तुम्ही पुरवठादारांना एका महिन्यात देता. म्हणजे कायम ३०० येणं बाकी, ८० देणं बाकी. आता विक्री १५० वर गेली, खर्च त्याच प्रमाणात १२०. नफा ३० झाला, सगळे खूश. पण येणी ४५० वर गेली, म्हणजे १५० जास्त अडकले. देणी १२० झाली, म्हणजे ४० चीच सोय झाली. मधले ११० आणायचे कुठून? महिन्याचा ३० चा सगळा नफा ओतला तरी सुमारे पावणेचार महिने लागतील, आणि वाढलेला साठा यात धरलेलाच नाही. धंदा जोरात असताना कंपनी पगाराला मोताद होते ती अशी. विक्रीप्रमुख इथे "आणखी विका" म्हणतो. सीईओच्या लायकीचा माणूस आधी विचारतो की वसुलीची मुदत ९० वरून ६० दिवसांवर कशी आणता येईल.

आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढा आणि हाच हिशेब करा. मग प्रतिस्पर्ध्याचा करा. टीपांसकट वाचा, कारण झाकायच्या गोष्टी बहुधा टीपांतच असतात. त्यानंतर भांडवलवाटप: नफ्याचं काय करायचं, नवा कारखाना, कर्जफेड, लाभांश, समभागांची परतखरेदी, की दुसरी कंपनी विकत घेणं? विभागप्रमुखाला हा प्रश्न कधीच पडत नाही, त्याला मिळालेलं अंदाजपत्रक संपवायचं असतं. सीईओला तो रोज पडतो. वर जाण्याआधीच त्यावर स्वतःचं मत तयार ठेवा.

चौथी पायरी: आडवं चाला

सरळ रेषेत वर जाणारा माणूस एकाच विभागाच्या चष्म्यातून कंपनी बघतो. मेरी बारा १८ व्या वर्षी, १९८० मध्ये, जनरल मोटर्समध्ये गाडीचे पत्रे तपासायच्या कामावर लागल्या. पुढे कारखाना चालवला, २००९ मध्ये जागतिक मनुष्यबळ विभाग पाहिला, २०११ मध्ये उत्पादनविकास, आणि २०१४ मध्ये सीईओ. कारखाना चालवलेल्या माणसाला मनुष्यबळात पाठवलं की आसपासचे लोक "बाजूला टाकलं" म्हणतात. मेरी बारा यांच्या बाबतीत तीच बदली अख्खी कंपनी आतून दाखवून गेली.

एक आडवाट कमी लोकांच्या लक्षात येते: मोठ्या साहेबाचा कार्यकारी साहाय्यक होणं. अर्सुला बर्न्स १९८० मध्ये झेरॉक्समध्ये उन्हाळी प्रशिक्षणार्थी होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी आधी एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं आणि मग खुद्द सीईओचं साहाय्यकपद घेतलं. इंजिनिअरने फाइली धरायच्या का, असं कोणालाही वाटेल. पण मोठे निर्णय प्रत्यक्षात कसे होतात हे त्या जागेवरून जितकं दिसतं तितकं कुठल्याच अभ्यासक्रमात दिसत नाही. २००९ मध्ये त्या सीईओ झाल्या. साहाय्यकाच्या पदावर दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त मात्र थांबू नका, नाहीतर "साहेबाचा माणूस" हा शिक्का बसतो आणि साहेब गेला की तुम्हीही जाता.

पाचवी पायरी: वाईट बातमी तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे

जितकं वर जावं तितकी बातमी गाळून येते. ॲलन मुलाली २००६ मध्ये बोइंगमधून फोर्डमध्ये आले. त्या वर्षी फोर्डचा तोटा १२ अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यांनी दर गुरुवारी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली: प्रत्येकाने आपल्या कामांवर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लावून आणायचा. आठवड्यामागून आठवडे सगळे तक्ते हिरवेगार. मुलालींनी विचारलं, आपण अब्जावधी गमावतोय आणि एकही गोष्ट बिघडलेली नाही? मग एका गुरुवारी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या अडकलेल्या कामावर लाल रंग लावला. खोलीत शांतता, आता याची नोकरी गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला मदत कोण करू शकतं? त्यानंतरच्या बैठकांत इतरांच्या तक्त्यांवरही रंग दिसू लागले. मार्क फील्ड्स पुढे, २०१४ मध्ये, फोर्डचे सीईओ झाले.

ही सवय सीईओ झाल्यावर लावता येत नाही. दहा माणसांचा गट सांभाळताना वाईट बातमी आणणाऱ्याशी तुम्ही कसे वागलात, हे त्या दहा जणांना कायम आठवतं. आणि निवडीच्या वेळी मंडळाचे लोक गुपचूप फोन करतात ते त्यांनाच.

याच ओघात दुसरी गोष्ट. तुमची जागा घेऊ शकेल असा माणूस तयार करा. अनेकजण मुद्दाम तसं करत नाहीत, आपण अपरिहार्य राहू म्हणून. जो जिथे अपरिहार्य असतो तो तिथेच राहतो.

सहावी पायरी: मंडळाच्या नजरेत या

संचालकांना तुम्ही वर्षातून दोन-चारदा, तेही वीस-वीस मिनिटं दिसता. त्या वीस मिनिटांत पन्नास स्लाइड दाखवणारे बरेच असतात. स्लाइड आठवडाभर आधी पाठवा, त्या वाचल्या गेल्या आहेत असं धरा, आणि पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगा: काय ठरवायचंय, माझा सल्ला काय, आणि माझा सल्ला कुठल्या परिस्थितीत चुकीचा ठरेल. तिसरी गोष्ट ऐकून संचालक सरसावून बसतात, कारण ती त्यांना सहसा ऐकायला मिळत नाही. उरलेला वेळ प्रश्नांना. उत्तर माहीत नसेल तर "बघून परवापर्यंत कळवतो" म्हणा आणि परवापर्यंत कळवा. गोलगोल बोलणारा माणूस त्यांनी आयुष्यभर पाहिलेला असतो.

सध्याच्या सीईओच्या डोक्यावरून संचालकांशी संधान बांधू नका. ते कळतंच, आणि तेव्हा हात दाखवून अवलक्षण होतं. त्यापेक्षा सीईओला उघड सांगा की पुढेमागे मला या जागेसाठी विचारात घेतलेलं आवडेल, माझ्यात काय कमी आहे? उत्तर झोंबलं तरी लिहून घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या छोट्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या मंडळावर बसा. टेबलाच्या पलीकडून अधिकारी कसे दिसतात हे एकदा पाहिलं की स्वतःची सादरीकरणं आपोआप निम्म्यावर येतात.

निवड प्रत्यक्षात कशी होते

मंडळाची एक समिती आधी पुढच्या पाच वर्षांत कंपनीला काय लागणार याचा मसुदा करते. मग आतली नावं, आणि बऱ्याचदा एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट, कॉर्न फेरी यांसारख्या, वरिष्ठ अधिकारी शोधून देणाऱ्या संस्थांकडून बाहेरची नावं. मुलाखतींच्या फेऱ्या, मानसशास्त्रीय चाचण्या, जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी. या संस्थांचं बिल कंपनी भरते. त्यांचे लोक गोड बोलतात, पण ते तुमच्यासाठी काम करत नाहीत.

घर ठीक चाललेलं असेल तर मंडळाला आतला माणूस बरा वाटतो. सत्या नडेला १९९२ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते आणि २०१४ मध्ये निवडले गेले तेव्हा क्लाउडचा धंदा त्यांच्याच हाताखाली होता. कंपनीला जिकडे वळायचं होतं तिकडे ते आधीच उभे होते. घराला आग लागली की बाहेरचा माणूस शोधला जातो. आयबीएमने १९९२ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि १९९३ मध्ये लू गर्स्टनर यांना आणलं. ते आधी बिस्किट-सिगारेटच्या कंपनीचे प्रमुख होते. तेव्हा आपण नेमके कशासाठी उमेदवार आहोत, चालती गाडी पुढे नेण्यासाठी की रुळावर आणण्यासाठी, हे ओळखून बोला. मुलाखतीत हमखास विचारतात: पहिल्या वर्षी काय बंद कराल? कोणाला बदलाल? "सगळे चांगले आहेत" हे उत्तर नापास करणारं आहे.

करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. मुदतीआधी काढलं तर काय मिळणार, कुठल्या कारणाने काढलं तर काहीच मिळणार नाही, मोबदल्यातला किती भाग कामगिरीवर आणि ती कोण मोजणार, दिलेला बोनस परत मागता येईल का, इथून गेल्यावर किती काळ स्पर्धकाकडे जाता येणार नाही. मालक कुटुंबाची कंपनी असेल तर आणखी एक: कोणते निर्णय तुमचे आणि कोणते त्यांचे, ते कागदावर. "आम्ही काही ढवळाढवळ करत नाही" हे प्रेमाने सांगितलं जातं, म्हणून तर कागद.

आणि नाव मागे पडलं तर

शेवटच्या तिघांतले दोघे हरतात, हे गणितच आहे. २००० च्या नोव्हेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांच्या वारसासाठी जेफ इमेल्ट यांचं नाव ठरलं. हरलेल्या दोघांना काही आठवड्यांतच दुसरीकडे सीईओपद मिळालं: बॉब नार्डेली होम डेपोत, जिम मॅकनर्नी थ्रीएममध्ये. मॅकनर्नी पुढे २००५ मध्ये बोइंगचे प्रमुख झाले आणि तिथे ज्यांचं नाव मागे पडलं ते ॲलन मुलाली पुढच्या वर्षी फोर्डला गेले. नार्डेली यांना मात्र भागधारकांच्या नाराजीनंतर जानेवारी २००७ मध्ये होम डेपो सोडावं लागलं.

मंडळाच्या अध्यक्षांना भेटा आणि कारण विचारा, वाद न घालता. नव्या सीईओशी मनापासून काम जमणार असेल तर वर्षभर थांबा, नसेल तर काही महिन्यांत बाहेर पडा. मधल्यामध्ये धुमसत राहिलेला माणूस दोन्हीकडून जातो. अंतिम यादीत तुमचं नाव होतं हे शोध घेणाऱ्या संस्थांना माहीत असतंच, त्यामुळे फोन येतील. पहिल्या फोनला केवळ पदाच्या नावावरून हो म्हणू नका. त्या कंपनीचे तीन वर्षांचे अहवाल मागवा, आधीचा सीईओ का गेला हे त्यालाच गाठून विचारा, आणि मंडळातल्या निदान तिघांना वेगवेगळं भेटून एकच प्रश्न करा: इथली सगळ्यांत मोठी अडचण कोणती? तिघांची उत्तरं तीन दिशांना गेली तर नम्रपणे नकार कळवा.